पोरांच्या हातात काय द्यायचं, किती द्यायचं आणि आपण गप्प कधी बसायचं

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा, की शिरूर तालुक्यातली जिल्हा परिषदेची शाळा, तिसरी-चौथीची मिळून ५४ मुलं, पुण्यातल्या एका संग्रहालयानं तासभर हॉल आणि "हाताळायला काही वस्तू" द्यायचं कबूल केलंय, आणि तुम्हाला विचारायचंय की वस्तू कुठल्या मागायच्या, किती मागायच्या, फुटलं-तुटलं तर काय करायचं आणि पोरं नुसता दंगा करून परत येऊ नयेत म्हणून काय करायचं. मी सतरा-अठरा वर्षं हेच काम करतोय आणि त्यातली पहिली तीन वर्षं निव्वळ चुका करण्यात गेली, तर तिथूनच सुरू करतो, तेवढ्या तुमच्या वाचतील.

माझी पहिली कार्यशाळा म्हणजे लग्नातला बुफे होता. लांबलचक टेबल, त्यावर पस्तीस-चाळीस वस्तू, ऐंशी पोरं आणि माझ्या हातात माइक. पोरांनी काय केलं असेल? प्रत्येक वस्तूला बोट लावलं आणि पुढं पळाली. वीस मिनिटांत टेबल संपलं, मग "सर डबा कधी खायचा". वर आदल्या दिवशी तिथल्या कुणीतरी शाळा येणार म्हणून उत्साहानं पितळी समया चिंच-मीठ लावून लख्ख घासून ठेवलेल्या, म्हणजे शंभरेक वर्षांचा काळपटपणा एका दुपारीत गेला, हाताला आता त्या कालच भांड्याच्या दुकानातून आणल्यासारख्या लागत होत्या. तेव्हापासून माझा एकच नियम आहे, बुफे नाही, पंगत. पोरं खाली बसणार, वाढणारा एक, आणि पानात एका वेळी एकच पदार्थ.

आता हिशोब बघा. ५४ मुलं एका तासात होणार नाहीत, हे स्पष्टच सांगतो. संग्रहालयाकडे सव्वादोन तास मागा, २७-२७ च्या दोन बॅच करा, एका बॅचमध्ये पाच-सहा जणांचे पाच गट, प्रत्येक गटाला एक सतरंजी, सतरंजीवर घडी घातलेलं घोंगडं आणि त्या घोंगड्यावर एक वस्तू. म्हणजे एकूण पाच वस्तू, फार तर दोन जास्तीच्या बाजूला ठेवा. संग्रहालयवाले म्हणतील आमच्याकडे बरंच आहे, हवं तेवढं काढून देतो. नको म्हणा. पोरांना एका वस्तूसोबत वीस-पंचवीस मिनिटं मिळाली पाहिजेत, आणि तुम्हाला वाटेल एवढा वेळ चौथीचं पोर एका लाकडाच्या तुकड्यासोबत काय करणार, तर पहिली पाच मिनिटं काहीच करत नाही, खरंय. चुळबुळ, कोपरखळ्या, शेजारच्या गटाला काय मिळालंय ते डोकावून बघणं. सहाव्या-सातव्या मिनिटाला कुणीतरी वस्तू उलटी करतं आणि तिथून खरं काम सुरू होतं. बहुतेक कार्यशाळा पाचव्या मिनिटाला वस्तू बदलतात. तिथंच सगळं फसतं.

हाताळायचे नियम मी तीनच सांगतो. बसूनच धरायचं, दोन हातांनी धरायचं, आणि सतरंजीपासून वीतभरच वर उचलायचं. वीत हे माप पोरांना लगेच कळतं, स्वतःची वीत लावून बघतात आणि एकमेकांवर पोलिसगिरी पण करतात, "ए, वीतभर सांगितलंय". वस्तू या हातातून त्या हातात द्यायची नाही, खाली ठेवायची मग दुसऱ्यानं उचलायची, कारण पडतं ते नेहमी देताघेतानाच, त्यानं सोडलेलं असतं आणि यानं अजून धरलेलं नसतं. इतक्या वर्षांत माझ्या कार्यशाळेत दोन वस्तू फुटल्या आणि त्यातली एक मी फोडली, उभ्यानं दाखवायला गेलो होतो.

हात साबणानं धुवून कोरडे करायचे. सॅनिटायझर नको, त्याचा थर राहतो हातावर. बांगड्या, अंगठ्या, घड्याळं काढून एका ताटात. ज्या बॅचनं आधी डबा खाल्लाय त्यांनी दोनदा धुवायचे, लोणच्याचं तेल एका धुण्यात जात नाही. पांढरे सुती हातमोजे द्यायचा आग्रह कुणी धरला तर नम्रपणे नाही म्हणा, हातमोज्यात पकड सुटते आणि मुळात ज्यासाठी आलोय तो स्पर्शच जातो. धातूच्या वस्तूंचं मात्र थोडं वेगळं आहे. घामात मीठ असतं, तांब्या-पितळेवर बोटाचा ठसा राहिला की पुढं तिथंच डाग धरतो, म्हणून त्या वस्तू बॅच संपली की लगेच मऊ कोरड्या फडक्यानं पुसायच्या आणि नाणं असेल तर कडेनं धरायचं.

आता वस्तू हातात आल्यावर काय करायचं ते सांगतो, कारण सगळं त्यावर आहे. नाव सांगायचं नाही. कुठल्या काळातली, कुणी वापरली, काहीही सांगायचं नाही. मॅडम लोकांना हे फार जड जातं (रागावू नका, मलाही गेलं), आपल्याला माहिती आहे आणि समोर पोरं आहेत म्हटल्यावर तोंड आपोआप उघडतं. पण नाव कळलं की पोराचा हात थांबतो. "हा अडकित्ता" म्हटलं की संपलं, वहीत लिहून मोकळं. त्यापेक्षा विचारायचं, गार आहे की कोमट? दिसते त्यापेक्षा जड लागते की हलकी? कुठं गुळगुळीत झालीय आणि कुठं अजून खरखरीत आहे? अंगठा आपोआप कुठं जाऊन बसतो? मोडलंय कुठं? हा झिजलेल्या जागेचा प्रश्न सगळ्यात कामाचा, कारण वस्तू झिजते ती माणूस जिथं धरतो तिथं.

एक प्रसंग सांगतो. एका संग्रहालयात (नाव राहू दे) हाताळायला म्हणून एक लाकडी वाटीसारखी वस्तू दिलेली, तळाला तीन भोकं. रजिस्टरमध्ये नोंद काय, तर "लाकडी पात्र, छिद्रयुक्त, उपयोग अज्ञात". मी पण दोन वर्षं तेच समजून वापरत होतो. शहरातल्या पोरांची उत्तरं ठरलेली, गाळणं, कुंडी, शॉवर, एकानं तर प्लगचं सॉकेट म्हटलं. मग एकदा जुन्नरकडची एक शाळा आली. त्या गटातली एक बारीकशी पोरगी काहीच बोलत नव्हती. बाकीचे भोकांत बोटं घालून खिदळत होते, हिनं ती वस्तू मांडीवर घेतली, डोळे मिटले आणि काठावरून अंगठा फिरवत राहिली. काठाच्या एका बाजूला लाकूड चांगलंच झिजलेलं होतं, तळहात टेकेल एवढं. तिथं अंगठा थांबला. मग तिनं उजव्या हाताची मूठ वळली, मनगट त्या झिजलेल्या जागेवर टेकवलं, मूठ वाटीच्या मधोमध आणली आणि बोटं जराजराशी सैल करत मूठ गोल फिरवायला लागली. मी विचारलं काय गं हे, तर म्हणाली, "चाडं आहे सर. पाभरीचं. यावर मूठ धरतात. माझी चुलती धरते, बी सगळ्या नळ्यांत सारखं पडायला लागतं नाहीतर शेतात फाका पडतात."

झालं. दोन वर्षांचं माझं "पात्र" एका मिनिटात चाडं झालं, म्हणजे पेरणीच्या पाभरीवरची, बी नळ्यांत सोडायची वाटी. चाड्यावर मूठ धरणं हा शब्दप्रयोग मी आयुष्यभर वाचला होता, पण ती मूठ टेकते कुठं आणि सैल कशी सोडतात हे मला त्या पोरीच्या मनगटावरनं कळलं. नंतर गटातल्या प्रत्येकानं तशी मूठ धरून बघितली, आम्ही खाली कागद पसरला, वाटीत बाजरी, तिन्ही भोकांतून सारखी पडते का बघायला, आणि कुणाचीच पडेना. तिची बऱ्यापैकी पडली.

तुमची शाळा शिरूरची आहे म्हणून हे मुद्दाम लांबवलं. तुमच्या निम्म्या पोरांना यातल्या वस्तू घरी माहिती असतील आणि ते लपवतील, कारण त्यांना वाटतं संग्रहालयात बोलायचं म्हणजे पुस्तकातलं बोलायचं. तेव्हा वस्तू मागताना शेतीचं आणि घरातलं एखादं तरी मागा.

आणि दुसरं, तुम्ही इनामगावच्या तालुक्यात राहता हो! घोड नदीकाठचं इनामगाव, तिथं पुण्याच्या डेक्कन कॉलेजनं १९६८ ते १९८३ अशी कितीतरी वर्षं उत्खनन केलं, तीन हजार वर्षांपूर्वीचं आणि त्याही आधीचं अख्खं शेतकऱ्यांचं गाव निघालं. तिथल्या भांड्यांना जोर्वे मृद्भांडी म्हणतात, संगमनेरजवळच्या जोर्वे गावी १९५०-५१ मध्ये ती पहिल्यांदा ओळखली गेली म्हणून ते नाव. तांबूस-लाल अंग, वर काळ्या रंगात रेघांची नक्षी, काहींना नळीसारखी तोटी. संग्रहालयाकडे अभ्यासासाठी बाजूला काढलेली सुटी खापरं असतील तर एक-दोन मागून बघा, नाही म्हणाले तर आग्रह नको. मिळालं तर पोरांना म्हणा की खापर बोटांच्या चिमटीत सैल धरून नखानं हलकेच टिचकी मारा, आणि शेजारी आजच्या कुंडीचा एक तुकडा ठेवा. जोर्वे खापर चांगलं भाजलेलं असतं, खणकन वाजतं. कुंडी बद्द वाजते. बद्द हा शब्द पोरांना मडक्याच्या संदर्भात बहुतेक माहिती असतो, नसला तर आजीला असतो. मग खापराची आतली बाजू चाचपायची, चाकावर फिरताना कुंभाराच्या बोटांनी पडलेल्या बारीक आडव्या वळ्या लागतात, बाहेरून त्या पुसलेल्या असतात. आत आणि बाहेर वेगळं का, हे पोरांनाच विचारा, सांगू नका. मात्र एक नक्की सांगा, की शेतात असं खापर किंवा दगडाचं हत्यार सापडलं तर खिशात घालायचं नाही, तिथंच ठेवायचं आणि मोठ्यांना दाखवायचं.

मापं हा माझा आवडता संच, चिपटं, शेर, अधोली, पायली. चार चिपट्यांचा शेर, दोन शेरांची अधोली, दोन अधोल्यांची पायली, पण हे फळ्यावर लिहायचं नाही, ज्वारी द्यायची आणि भरू द्यायचं. तिसरीची पोरं हाच गुणाकार पुस्तकात करतात तेव्हा रडतात, इथं ज्वारी सांडत करतात आणि भांडतात की शीग लावून भरायचं की सपाट. आमच्याकडे या शिगेवरून दहा मिनिटं वाद झाला होता, मी मध्ये पडलो नाही, बाजारात पिढ्यान्‌पिढ्या तोच वाद झालाय. शेराला सव्वाशेर, पायलीचे पन्नास, हे सगळं तिथं आपोआप निघतं.

चौथीला शिवाजी महाराजांचा इतिहास असतोच, म्हणून शिवराई, म्हणजे महाराजांचं तांब्याचं नाणं, मागावीशी वाटेल. मागा, पण खरी एकच आणि ती तुमच्या नाहीतर तिथल्या माणसाच्या देखरेखीखाली. एका बाजूला "श्री राजा शिव" आणि दुसऱ्या बाजूला "छत्रपति", कडेनं बिंदूंची किनार. पुष्कळ शिवराई नाण्यांवर किनार अर्धीच असते, अक्षरंही कडेला कापली गेलेली, कारण ठसा मोठा आणि तांब्याचा तुकडा लहान, वर हातानं घाव घालून पाडलेलं नाणं, ठसा मधोमध बसेलच असं नाही. पोरं बोटानं शोधतात की "श्री" कुठं गेला. कागदाखाली नाणं ठेवून पेन्सिल घासायचा खेळ सगळ्यांना येतो, तो खऱ्या नाण्यावर अजिबात नको, साच्यातून काढलेल्या नकलेवर करा.

नकलांवरून आठवलं. नकला वाईट नसतात, दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात २०१५ साली 'अनुभव' नावाचं दालन सुरू झालं, मुख्यतः न दिसणाऱ्या लोकांसाठी, २२ प्रतिकृती आणि सगळ्यांना हात लावायला परवानगी, फार चांगलं काम आहे. शिल्पाची प्रतिकृती चालतेच, मूळ हातात देताच येत नाही. पण जिथं वजन हीच गोष्ट आहे तिथं नक्कल फसते. मला एकदा फायबरची हातकुऱ्हाड दिलेली, अश्मयुगीन माणसाचं हत्यार आणि वजन बिस्किटाच्या पुड्याएवढं, पोरानं ती हातात घेतली आणि म्हणालं, "यानं काय तुटणार?" बरोबरच होतं त्याचं. त्यापेक्षा आपल्याकडचाच काळा दगड घेऊन कुणा जाणकाराकडून तशी हातकुऱ्हाड घडवून घ्यावी, ती तळहातात बसवून बघताना पोरं वळवत वळवत स्वतःच शोधतात की कुठल्या बाजूनं धरली की बसते, डावखुऱ्यांना वेगळी बाजू सापडते आणि मग डावे-उजवे अशी चर्चा रंगते.

काय मागायचं नाही ते पण सांगतो, कारण उत्साही माणूस काहीही काढून देईल. पेंढा भरलेले जुने प्राणी-पक्षी अजिबात नाही, पूर्वी ते टिकावेत म्हणून सोमल (आर्सेनिकचं विष) वापरायचे, ते कातडीत-पिसांत अजून असू शकतं. सातवाहनांची शिशाची नाणी नाही, पोरं बोटं तोंडात घालतात. जुन्या रंगवलेल्या खेळण्यांचं तेच, रंगात शिसं असू शकतं. कीड लागू नये म्हणून औषध मारलेले जुने कपडे नाहीत. पोथ्या नाहीत, शस्त्रं नाहीत. अडकित्ता चालेल, पण पातं बोथट करून किंवा दोरीनं मिटून बांधून, आणि बांधून दिला तर उघडतो कसा ते एकदा तुम्ही उघडून दाखवा. जातं मागितलंत तर ते जागेवर बसवूनच, उचलू देऊ नका, पायावर पडलं तर सहल दवाखान्यात संपते. जात्याचा वरचा दगड तिथल्या माणसानं उलटा करून ठेवला तर टाकी लावलेल्या खाचा बोटांना लागतात, कुठं खोल, कुठं झिजून सपाट. आणि ओढायला मुलगेही बसवा, नाहीतर आपोआप मुलीच बसतात आणि मुलगे वैरण (दळायचं धान्य) टाकायला.

पहिल्या दहा मिनिटांत पिशवीचा खेळ घ्या, हात तापतो. जाड कापडाची पिशवी, आत नारळाची करवंटी, शिंपला, चिंचोका, गोटा, असलं काहीही. एकानं आत हात घालून फक्त वर्णन करायचं, नाव घ्यायचं नाही, दुसऱ्यानं न बघता चित्र काढायचं. मॉन्टेसोरी शाळांत ही पिशवी असतेच. ताराबाई मोडकांनी १९४५ साली बोर्डीला लहान मुलांच्या शिक्षणाचं काम सुरू केलं तेव्हा महागड्या साधनांऐवजी शिंपले, बिया, गोटे, पानंफुलं असंच आसपासचं वापरलं, तेव्हा सामान नाही ही सबब आपल्याला नाही. हा खेळ शाळेत आठवडाभर आधीपासून रोज पाच मिनिटं घेतलात तर शब्द पण तयार होतात. मुलं आजकाल "सर रफ आहे", "स्मूथ आहे" एवढ्यावर थांबतात, आपल्याकडे खरखरीत, खडबडीत, राठ, रवाळ, भुसभुशीत, बुळबुळीत, चिवट, ठिसूळ असा ढीग पडलाय. शब्द आधी वाचायला देऊ नका. हातात रवा, मग "रवाळ".

एखादं मूल हात लावायला नाही म्हणेल. दर बॅचला एक असतंच. काहींना खरखरीत लागलं की अंगावर काटा येतो, काहींना फुटायची भीती असते, घरी कप फोडल्यावर मार बसलेला असतो. ओढून त्याचा हात वस्तूवर ठेवायचा नाही. त्याला लिहून घ्यायचं काम द्या, बाकीचे काय म्हणतात ते. निम्म्या वेळा शेवटी तेच पोर हळूच एक बोट लावून जातं, लावलं नाही तरी काही बिघडत नाही.

नाव, काळ, उपयोग हे कधी सांगायचं? अगदी शेवटी, पोरांनी आपापला अंदाज सगळ्यांना सांगितल्यावर. आणि दालनं नंतर बघायची, आधी नाही. हे उलटं वाटतं पण करून बघा. आधी हात, मग काच. अडकित्ता हातात खेळवलेलं पोर पुण्यातल्या केळकर संग्रहालयातल्या अडकित्त्यांच्या कपाटासमोर उभं राहिलं की पुढं ढकलावं लागतं, कारण आता त्याला माहितीय की बिजागरी कुठं असते आणि घोड्याच्या आकाराच्या अडकित्त्यात घोडा नेमका कुठून उघडत असेल. न हाताळलेली पोरं तेच कपाट चालता चालता बघतात. वर्कशीट मात्र देऊ नका, हातात कागद आला की पोरं रिकाम्या जागा भरायला पाट्या वाचत सुटतात.

संग्रहालयाशी बोलताना एक स्पष्ट विचारून घ्या, या वस्तू हाताळण्यासाठी वेगळ्या काढलेल्या आहेत का मुख्य नोंदवहीतल्या आहेत. वेगळ्या काढलेल्या असतील तरच घ्या, म्हणजे एखादीला टवका गेला तरी कुणाची नोकरी जाणार नाही. आधी प्रत्येक वस्तूचा मोबाइलवर फोटो, नंतर फोटो, मोजून घ्यायच्या आणि मोजून द्यायच्या, दोघांच्या सह्या. काही फुटलं तर तुकडे सगळे गोळा करून एका पाकिटात, पोराला ओरडायचं नाही, आणि फेविक्विक कुणालाही काढू देऊ नका. आणि सहलीचं काही कारणानं रद्द झालं तर मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाची 'म्युझियम ऑन व्हील्स' बस २०१५ पासून शाळाशाळांत जाते, त्यांच्याकडे चौकशी करा.

अजून एक, आदल्या दिवशी शाळेत नेलकटर घेऊन बसा. लांब नखांनी खापरावरच्या रंगावर चरा पडतो, आणि सकाळी बस सुटताना ५४ जणांची नखं कापत बसायला वेळ मिळत नाही, मी बसलोय एकदा, निघायला पाऊण तास उशीर झाला होता.